गिलियडमध्ये माझी आई कुठे आहे?

मार्गारेट ॲटवूड यांची 'द हँडमेड्स टेल' (1985) एम.ए.ला होती. मॅडम म्हणाल्या, "कल्पना करा, उद्या बायकांना वाचायला बंदी आली तर?" वर्ग हळहळला. मी गप्प बसले. आमच्या घरात वाचायला शिकलेली बाई मीच पहिली. आईला शाळेपासून अडवायला कायदा लागला नाही. ऊसतोडीची उचल पुरली.

कादंबरीत अमेरिकेच्या जागी गिलियड हे धर्मराज्य येतं. मूल होऊ शकणाऱ्या बायका सत्ताधाऱ्यांच्या घरी गर्भासाठी ठेवल्या जातात. त्यांचं नाव जातं, मालकाचं लागतं. वाचणं गुन्हा ठरतं. ॲटवूड सांगतात, इतिहासात कुठे ना कुठे घडलं नाही असं काहीच मी यात घातलेलं नाही. मग विचारायलाच हवं, घडलं कुणावर?

मालकाचं नाव, सक्तीचं बाळंतपण, हिरावलेलं पोर : हे सगळं अमेरिकेत गुलाम काळ्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या सोसलं. साउथ कॅरोलिनात 1740 च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा होता. कादंबरीतल्या बायकांच्या सुटकेच्या गुप्त मार्गाचं नावही गुलामांच्या 'अंडरग्राउंड रेलरोड'वर बेतलेलं. आणि काळी माणसं? 'हॅमची मुलं' म्हणून टीव्हीवरच्या एका बातमीत त्यांची दूर रवानगी. दुःख ठेवून घेतलं, माणसं वगळली.

ही रीत आपल्या ओळखीची आहे. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी मांडलं, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्याची किंमत सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांतून बाई मोजते. पण सगळ्या बायकांच्या वाट्याला एकच जाच येत नाही. कुणाची कूस राखली जाते, कुणाची आड येते. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं 2019 मध्ये देशभर गाजलं. पाळीत खाडा पडला तर दंड कापला जातो, म्हणून. माझी आई त्याच जिल्ह्यातून फडावर जायची. गिलियडला गर्भाशय हवं होतं. उसाच्या फडाला ते नको होतं.

पुस्तक वाचू नका, असं मी म्हणत नाही. ताकदीचं आहे, मी दोनदा वाचलंय. पण ते 'भविष्याचा इशारा' म्हणून शिकवलं जाईल, तेव्हा घरातून पहिल्यांदा वर्गात पोचलेल्या बहिणींनो, हात वर करा. म्हणा, "मॅडम, यात कल्पना करण्यासारखं काय आहे? घडलेलं सांगू का?"

त्या दिवशी मी गप्प बसले. तुम्ही बसू नका.