वानगी आणि गंजी

क्षमावणी होऊन आठ दिवसही लोटले नव्हते, आणि मी माझ्या पुतण्याला फोनवर नको ते बोललो. निमित्त होते दोन मिनिटांच्या एका व्हिडिओचे. त्यात आमच्या कारंजाच्या घराचे दार दिसत होते, दाराला लटकलेले गंजके कुलूप दिसत होते आणि ओट्यावर साचलेला कचऱ्याचा ढीग दिसत होता. वडिलांनी ज्या ओट्यावर बसून आयुष्यभर पेढी चालवली, तो ओटा असा साऱ्या जगापुढे मांडला गेला, हे मला सहन झाले नाही.

थोडे मागून सांगतो. पुतण्याचे कारंजात किराण्याचे दुकान आहे. तो आणि त्याचे पाच-सहा मित्रमैत्रिणी दर रविवारी सकाळी गावात फिरतात. त्यांत एक शाळेतील शिक्षिका आहे, एक औषधांचा दुकानदार आहे, दोन मुली महाविद्यालयात शिकतात. मोबाईलवर चित्रण करायचे, जुन्या माणसांना बोलते करायचे आणि त्याचे छोटे व्हिडिओ इन्स्टाग्राम व यूट्यूबवर टाकायचे, असा त्यांचा परिपाठ आहे. यात कोणी पैसा घेत नाही. पेट्रोलचा खर्चही ज्याचा तो करतो. गाव मोठे होते, पण ते कोणाच्या लक्षात राहिले नाही, एवढी एकच खंत या मुलांच्या मनात आहे.

ती खंत रास्त आहे. वाशिम जिल्ह्यातील हे कारंजा लाड एकेकाळी वऱ्हाडातील धनाढ्य पेठ होती. १६७० साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्वारीत येथून मोठी संपत्ती हाती लागली, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. दत्तभक्त या गावाला श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून वंदन करतात. आपल्या समाजाच्या दृष्टीने तर सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे एकाच गावात असणे ही सामान्य गोष्ट नव्हे. १९१८ साली येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल सुरू झाले. आणि तरीही आज नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावरून शेकडो गाड्या कारंजाची पाटी मागे टाकून सुसाट जातात. वळण घेऊन गावात यावे, असे फारच थोड्यांना वाटते.

मुलांच्या पहिल्या काही व्हिडिओंत आमचा वाडा होता. सकाळचे कोवळे ऊन, लाकडी तुळयांवरची वेलबुट्टी, कमानीखालची नक्षी, मागे सनईचे सूर. कॅमेरा ओट्याच्या वरूनच फिरत होता, खाली उतरतच नव्हता. हजारो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. पुण्यात बसून मीही पाहिला आणि त्याखाली ताबडतोब लिहिले, ‘हा आमचा वाडा. अभिमान आहे.’

पुढे एक कुटुंब त्या व्हिडिओच्या भरवशावर महामार्ग सोडून गावात आले. सोबत वृद्ध सासूबाई आणि दोन लहान मुले. वाडा शोधत ते गल्लीत पोहोचले, तेव्हा समोर कुलूप, कचरा आणि त्यात तोंड घालणारी जनावरे. घरी परतल्यावर त्या बाईंनी मुलांच्या गटाला चार ओळी लिहिल्या. त्यांत शिवीगाळ नव्हती. ‘तुम्ही जे दाखवलेत ते खोटे नव्हते, पण ते खरेही नव्हते,’ एवढाच त्यांचा आशय होता.

गटातील एकाचे म्हणणे पडले की हा अभिप्राय पुसून टाकावा. शिक्षिकेने त्याला नकार दिला. पुढच्या रविवारी मुले पुन्हा त्याच दारापुढे उभी राहिली आणि या वेळी कॅमेरा खालून वर नेला. आधी कचरा, मग कुलूप, मग नक्षी. ‘गेल्या वेळी आम्ही तुम्हांला अर्धेच दाखवले होते, क्षमा असावी,’ असे पुतण्याने स्वतः समोर येऊन सांगितले. गावातील वडीलधाऱ्यांना ते आवडले नाही. घरची लक्तरे वेशीवर टांगता, असे कोणी म्हणाले. आणि सर्वांत मोठा आवाज माझा होता.

माझे बोलणे संपेपर्यंत पुतण्या गप्प राहिला. मग शांतपणे म्हणाला, “मोठे बाबा, नक्षी दाखवली तेव्हा तुम्ही लिहिले होते, ‘हा आमचा वाडा.’ मग तो ओटा कोणाचा?”

मी फोन ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. राग केव्हाच ओसरला होता. पंचावन्न वर्षांपूर्वीची एक गोष्ट मात्र डोळ्यांपुढून हलेना.

१९७० सालची ती गोष्ट. एकाधिकार कापूस खरेदी योजना अजून यायची होती. १९७२ नंतर त्या योजनेने आमच्यासारख्या अनेकांची कापसाची पेढी संपली आणि आम्ही गाव सोडले. पण त्या वर्षी पेढी भरात होती आणि मी वीस वर्षांचा होतो. खेड्यांतून बंड्या येत, कापसाची गंजी लागे आणि जिनाचा खरेदीदार आला की त्याच्यापुढे वानगी ठेवली जाई. ऐन हंगामात अवकाळी पाऊस झाला आणि आमची एक गंजी तळाशी ओलसर राहिली. वडील परगावी गेले होते. मी वरच्या थरातून स्वच्छ, कोरडा, लांब धाग्याचा मूठभर कापूस काढला, निळ्या कागदात बांधला आणि खरेदीदाराच्या हातावर ठेवला. सौदा चांगल्या भावाने झाला. मी मोठ्या आनंदात होतो.

वडील परतले. त्यांनी काही न विचारता गंजीच्या तळाशी हात घातला, तो बाहेर काढून माझ्यापुढे धरला, आणि मला घेऊन ते त्याच पावली जिनात गेले. खरेदीदाराला म्हणाले, “वानगी माझ्या मुलाने काढली, ती मानू नका. तुम्ही या आणि गंजीत कुठेही हात घाला.” भाव उतरला. त्या हंगामातला बराच नफा त्या एका गंजीत गेला. घरी येताना ते एवढेच बोलले, “वानगी घेणाऱ्याला काढू द्यावी. आपण काढली की हात आपोआप वरच्या थराकडे जातो.”

वाचकहो, आपण व्यापारी माणसे आहोत. ही गोष्ट आपल्याला फोड करून सांगावी लागत नाही. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणलेला आहे. चांगल्या मालाच्या नावाखाली हलका माल खपवणे, हा त्याचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकला. मी कापसात काहीही मिसळले नव्हते; फक्त दाखवताना निवड केली होती. मोबाईलवरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे गावाची वानगीच. तो पाहणारा माणूस आपला वेळ, पैसा आणि घरच्या वृद्धांचे कष्ट त्या वानगीवर लावतो. आणि एकदा फसलेले गिऱ्हाईक त्या दुकानावरच नव्हे, साऱ्या पेठेवर फुली मारते.

गावाचे नाव दूरवर नेण्याचा उद्योग कारंजाला नवा नाही. १९३१ साली ‘कारंजा जैन ग्रंथमाला’ सुरू झाली आणि तिच्यात डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प्रसिद्ध झाले. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील डॉ. हिरालाल जैन यांनी १९३३ मध्ये ‘पाहुडदोहा’ आणि १९३४ मध्ये ‘करकंडचरिउ’ संपादिले. अपभ्रंश भाषेच्या अभ्यासकांना कारंजा हे नाव माहीत झाले, त्यात या ग्रंथांचा मोठा वाटा आहे. अशा संपादनाची रीत पाहण्याजोगी असते. कोणती पोथी कोठून मिळाली, कोणते पान खराब आहे, कोणत्या ठिकाणी दोन पोथ्यांचे पाठ जुळत नाहीत, हे सारे संपादक वाचकापुढे उघड करतो. गंजीत कुठेही हात घाला, असेच तो सांगत असतो.

त्या फोननंतर मी मुलांच्या कामाकडे नीट पाहू लागलो. त्यांनी आता काही नियम बांधून घेतले आहेत. जी वस्तू जवळून दाखवायची ती लांबूनही, आजूबाजूच्या परिसरासह, दाखवायची. चित्रण कोणत्या तारखेचे आहे ते सुरुवातीलाच सांगायचे. जागा उघडी असते की बंद, वृद्धांना किती पायऱ्या चढाव्या लागतील, सूर्यास्तापूर्वी जेवणाची सोय कोठे होईल, हे वगळायचे नाही. मंदिरात विश्वस्तांच्या परवानगीवाचून मोबाईल काढायचा नाही. मौल्यवान मूर्ती आणि पोथ्यांच्या कपाटांचे चित्रण परवानगी मिळाली तरी करायचे नाही, कारण पाहणाऱ्यांत सगळेच भाविक नसतात.

आणि आख्यायिका ही आख्यायिका म्हणूनच सांगायची. कारंजाच्या ‘कस्तुरीच्या हवेली’ची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. कस्तुरी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याचा सारा माल एका जैन धनिकाने विकत घेतला आणि तो बांधकामाच्या चुन्यात कालवला, अशी ती कथा. मुलांनी ती रंगवून सांगितली आणि शेवटी म्हटले, ‘ही गावात सांगितली जाणारी गोष्ट आहे.’ शकुंतला रेल्वेच्या व्हिडिओतही तोच संयम होता. यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद मार्गाची गाडी कारंजावरून जात असे. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होते. आज ती बंद आहे. या गाडीपायी आजही इंग्रजांना पैसे जातात, असा मथळा घातला असता तर व्हिडिओ दसपट चालला असता. पण त्याचा कागद हाती नव्हता, म्हणून मुलांनी तो घातला नाही.

दिवाळीनंतर मी किल्ली घेऊन कारंजाला गेलो. कुलुपात तेल सोडावे लागले. ओटा मुलांनी आणि मी मिळून स्वच्छ केला. माझ्या वयाला झेपले तेवढे मी केले. आतल्या खोलीत वडिलांची लाकडी पेटी सापडली. तिच्यात निळ्या कागदाच्या वानगीच्या पुड्या होत्या, प्रत्येकीवर गावाचे नाव आणि तारीख. कापूस पिवळा पडला होता, वडिलांचे मोडी अक्षर मात्र स्वच्छ होते. पुतण्याने विचारले, “मोठे बाबा, याचे चित्रण करू?” मी म्हणालो, “कर. पण या पुड्यांसोबत ओल्या गंजीची गोष्टही घे. ती मीच सांगतो.” मुलाबाळांना आजवर कधी न सांगितलेली ती लबाडी मी त्या ओट्यावर बसून सांगितली.

आता ओटा दर आठवड्याला झाडला जातो. त्याचा मोबदला मी महिन्याच्या महिन्याला पाठवतो. पुढची खोली रविवारी सकाळी दोन तास उघडी असते. छताचा एक भाग खचला आहे आणि त्याच्या दुरुस्तीला माझ्या एकट्याचे बळ पुरणार नाही. चुलतभावांशी बोलणे सुरू आहे. हेही मुलांनी व्हिडिओत सांगितले आहे.

हे मासिक वाचणाऱ्या कितीतरी घरांची मुळे अशा एखाद्या गावात आहेत आणि तेथे एखादे कुलूप लटकते आहे. गावातील कोणी मुले मोबाईल घेऊन आपल्या दारापुढे उभी राहिली, तर त्यांना अडवू नका. किल्ली कोणाकडे आहे ते सांगा. जुन्या फोटोंच्या मागे माणसांची नावे लिहून त्यांच्या प्रती त्यांना द्या. आणि नक्षीच्या व्हिडिओखाली ‘आमचा वाडा’ असे लिहिण्यापूर्वी, त्या ओट्यावर शेवटचा झाडू कधी फिरला, हे एकदा गावी फोन करून विचारा.