प्रतापनगरचे स्थानक कोणासाठी?

बडोद्यात रेल्वेचा विषय निघाला की तो हल्ली सयाजीगंजच्या मोठ्या स्थानकाकडे आणि तेथून जाणाऱ्या वेगवान गाडीकडे वळतो. मुंबई ते अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग आपल्या शहरावरून जात आहे आणि त्याचे काम चालू आहे, तेव्हा हे साहजिकच म्हणायचे. पण शहराला आणखी एक स्थानक आहे. प्रतापनगर, म्हणजे जुन्या लोकांचे गोया गेट. तेथे उतरणाऱ्या माणसाच्या हाती फिरायला निघालेल्याची बॅग क्वचितच दिसते. डबा, थैली, क्वचित करवत किंवा थापी असते. हा माणूस सकाळी येतो आणि संध्याकाळी परततो. गुजराती शेजाऱ्यांनी त्याला ‘अपडाऊनवाला’ असे चपखल नाव दिले आहे, आणि आपणही तेच वापरतो.

या माणसाचा विचार आपल्या संस्थानाने फार लवकर केला होता. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत डभोई-मियागाम हा अडीच फुटी रुळांचा मार्ग सुरू झाला, तेव्हा गाडी ओढायला बैल होते. इंजिने नियमितपणे आली ती पुढे. सयाजीराव महाराजांच्या काळात डभोईहून चहूकडे फाटे फुटले. कापूस, धान्य, यात्रेकरू आणि आठवड्याच्या बाजाराची माणसे, सारे त्या चिमुकल्या डब्यांतून येऊ-जाऊ लागले. महाराजांना आगगाडीची हौस होती असे काही जण म्हणतात. असेल, पण नुसत्या हौसेने कोणी खेड्यापाड्यांतून, दर चार-पाच मैलांवर थांबे ठेवत रूळ घालत नाही.

माझे वडील ऐन तारुण्यात दरबारच्या कलावंत कारखान्यात साथीला बसत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि दरबारची बिदागी संपली. त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस ते गोया गेटवरून गाडी धरून डभोईला शिकवण्या घ्यायला जात. तबला मांडीवर, डग्गा पायांशी. दरबार गेला तरी घर चालले, त्यात त्या गाडीचा वाटा होता असे आई सांगे. आज प्रवास उलटा झाला आहे. डभोईकडची मुले माझ्याकडे शिकायला येतात. त्यांच्या वर्गाची वेळ मी ठरवत नाही, परतीची गाडी ठरवते. रागाचा विस्तार रंगात आला असता एखादा मुलगा घड्याळाकडे पाहू लागला तर मी रागावत नाही.

आता मार्ग ब्रॉडगेज झाला, विजेचा झाला. २०१९ मध्ये छोटा उदेपूरच्या पलीकडे अलीराजपूरपर्यंत गाडी गेली, आणि ज्या आदिवासी मुलुखातून बांधकामावरचे मजूर बडोद्यास येतात त्याला थेट दार मिळाले. याचे मोल मोठे आहे. नॅरोगेजच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांपैकी मी नाही. ती गाडी संथ होती आणि उन्हाळ्यात डबा भट्टीसारखा तापे.

१७ जानेवारी २०२१ रोजी केवडियाचा मार्ग खुला झाला. वेगवेगळ्या शहरांना केवडियाशी जोडणाऱ्या आठ गाड्यांना एकाच दिवशी हिरवा झेंडा मिळाला. वर्तमानपत्रांनी काचेच्या छताचा डबा छापला, आणि तो छापण्याजोगा होताही. त्याच दिवशी प्रतापनगर-केवडिया मेमूही सुरू झाली, तिचे छायाचित्र मात्र मला कोठे दिसले नाही. वस्तुतः चांदोदला अस्थी घेऊन जाणारे आपले मराठी कुटुंब किंवा डभोईचा कारकून, यांच्या उपयोगाची गाडी तीच.

पण गाडी असणे आणि ती परवडणे यांत अंतर आहे. मार्च २०२० मध्ये साथीमुळे देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे त्या ‘विशेष’ या नावाने परतल्या आणि साध्या गाडीलाही एक्सप्रेसचे भाडे लागू झाले. किमान तिकीट १० रुपयांचे ३० झाले. मासिक पास बराच काळ बंद होते. नंतर टप्प्याटप्प्याने मिळू लागले. साधे भाडे परत आले ते फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनी. साथ ओसरल्यावरही इतका काळ ही वाढ का टिकली, याचे समाधानकारक कारण मला सापडलेले नाही. दूरच्या प्रवाशाला वीस रुपयांचा फरक जाणवत नाही. पण पास नसलेल्या रोजच्या माणसाचा हिशेब करून पाहा: महिन्यात पंचवीस दिवस जाऊन-येऊन पूर्वी ५०० रुपये, मग १५००. रोजंदारीवरच्या माणसाच्या घरात हजार रुपये म्हणजे किराणा, नाहीतर एखाद्या पोराची शिकवणी.

गंमत अशी की या चार वर्षांत प्रतापनगरचे स्थानक कागदोपत्री भरभराटीला आले! नवे मार्ग, नवी नावे, विजेच्या तारा. केवडियाचे स्थानकही आता एकतानगर झाले आहे. मोठ्या गाड्यांची मोजदाद सोपी असते, कारण त्यांना उद्घाटन असते. सकाळची गाडी कामाच्या वेळेआधी पोचते का, शेवटची गाडी दुकाने बंद झाल्यावर निघते का, क्रॉसिंगला बाजूला कोणाला काढतात, लांबच्या गाडीला की मेमूला, याचा आढावा कोणी जाहीर करीत नाही. रेल्वेच्या सल्लागार समित्यांवर व्यापारी मंडळींचे प्रतिनिधी असतात. त्यांत डभोईचा एखादा पासधारक बसवायला काय हरकत आहे? वेळापत्रक बदलण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे, की संध्याकाळची गाडी पंधरा मिनिटे आधी सोडली तर तुझी ती चुकेल का?