आपा, समुद्रापार जाऊन हळदच शिकू का?



जोगेश्वरीहून एका बहिणीचे पत्र आले आहे. निसर्गोपचाराचा छोटा कोर्स करून ती सहा वर्षे घरातल्याच एका खोलीत बायकांना तेलमालिश, वाफारा, मातीची पट्टी आणि पथ्याचा सल्ला देते. आता तिला परदेशातल्या एका संस्थेत वर्षभराचा आयुर्वेदाचा डिप्लोमा करायचा आहे. शौहर आखातात नोकरीला आहेत, त्यांची हरकत नाही. फीसाठी दागिने मोडावे लागतील. सासूबाई मात्र म्हणतात, “आपल्या डब्यातली हळद शिकायला समुद्रापार कशाला?”

सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. पण इल्म एका जागी कधीच बसलेले नाही. अब्बासी काळात बगदादमध्ये हिंदी वैद्यकाच्या ग्रंथांची भाषांतरे झाली. अली इब्न सहल रब्बान अल-तबरी यांनी इ.स. ८५० च्या सुमारास ‘फिर्दौस अल-हिक्मा’ पूर्ण केला, त्याच्या शेवटी हिंदी वैद्यकावर वेगळा विभाग आहे. हकीमसाहेब आजही जे इत्रीफल देतात, ते नाव आपल्या त्रिफळ्यावरूनच आले आहे.

आपल्या काळातही हे येणे-जाणे चालू आहे. रॉबर्ट स्वोबोदा हे अमेरिकन गृहस्थ पुण्याच्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयात शिकले आणि १९८० मध्ये पदवीधर झाले. पुण्याचेच डॉ. वसंत लाड यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोला आयुर्वेदाची संस्था काढली. म्हणजे परदेशात चांगले शिकवणारे नाहीत असे नाही. पण ध्यानात घे, स्वोबोदा चार महिन्यांचे सर्टिफिकेट घेऊन परतले नाहीत. इथल्या मुलांच्या बाकावर बसून त्यांनी पूर्ण पदवी घेतली.

तुझ्या पत्राचा खरा मुद्दा मला शेवटच्या चार ओळींत सापडला. तू लिहितेस, “शेजारच्या भाभींना साखरेसाठी जांभळाच्या बियांची पूड दिली. त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. मी बंद करा म्हटले नव्हते, पण चालू ठेवा असेही म्हटले नाही. त्यांना दवाखान्यात दाखल करावे लागले. तेव्हापासून मला झोप नाही.”

बहिणी, ही बेचैनी चांगली आहे, तिला दाबू नकोस. अबू दाऊदमधल्या एका हदीसचा आशय असा आहे की ज्याची वैद्यकीतली जाणकारी ठाऊक नाही, अशाने उपचार केले तर होणाऱ्या नुकसानीला तोच जबाबदार. नेक नियत असली तरी ही जबाबदारी सुटत नाही.

म्हणून दागिने सोनाराकडे नेण्याआधी त्या संस्थेला तीन प्रश्न लेखी विचार. शेवटी पदवी मिळणार की नुसते प्रमाणपत्र? रोगी प्रत्यक्ष तपासायला मिळणार का, आणि कोणाच्या देखरेखीखाली? त्या कागदावर मला कुठल्या देशात उपचार करण्याचा हक्क मिळेल? अमेरिकेत तर आजही एकही राज्य आयुर्वेदाच्या वैद्याला वेगळा परवाना देत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनच्या नोंदवहीत नाव लागते ते मान्यताप्राप्त पदवीवर. वर्षभराच्या परदेशी डिप्लोमावर ते लागणार नाही.

वैद्यच व्हायचे असेल तर वाट घराजवळ आहे. बीएएमएस किंवा बीयूएमएस, साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. वरळीचे पोदार आयुर्वेद महाविद्यालय १९४१ पासूनचे. युनानीसाठी अंजुमन-ए-इस्लामचे तिब्बिया कॉलेज तर वर्सोव्यात, तुझ्यापासून फार लांब नाही. बारावीला बायोलॉजी हवे आणि ‘नीट’ द्यावी लागते. त्या परीक्षेला वयाची वरची अट २०२२ पासून राहिलेली नाही.

संसारात हे जमणार नसेल तर त्यातही कमीपणा नाही. नोंदणी असलेल्या वैद्य किंवा हकीमांच्या हाताखाली काम कर. मालिश, वाफारा, पथ्य हे तुझे हुनर आहे, तेवढेच इमानदारीने कर. खोलीत येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी विचार, “कोणत्या गोळ्या चालू आहेत?” आणि स्पष्ट सांग, “डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करू नका.” गरोदर बाई, साखर, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आपल्या मनाने काहीही पोटात देऊ नकोस.

यानंतरही शिकायला परदेशी जावेसे वाटले तर खुशाल जा. मात्र शिकायला जा, पाटीवर लावायच्या कागदासाठी नको.

आणि त्याआधी एक काम आहे. आज संध्याकाळी त्या भाभींच्या घरी जा, माफी माग. अल्लाह त्यांना शिफा देवो आणि तुझ्या हातात बरकत.

— तुझी आपा