नव्या सुनेचा पायगुण

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे आमच्या घरात एक छोटंसं महाभारत होऊन गेलं. नातेवाईक मंडळींपैकी काहींना फोनवर अर्धवट कळलंच आहे ("तुमचा काँप्युटर जळाला म्हणे?"). जळाला नाही हो. पण त्या निमित्ताने माझं एक मत पक्कं झालं, ते मांडावं म्हणतो.

चिरंजीव अ‍ॅनिमेशन शिकतात. शेवटच्या वर्षाला नव्वद सेकंदांची फिल्म करून द्यायची होती. नव्वद सेकंद म्हणजे कितीसं, असं मलाही वाटलं होतं. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे एकूण २१६०. ब्लेंडरमधे एक चित्र तयार व्हायला आमच्या मशीनवर साधारण तीन मिनिटं लागत होती. गुणाकार करा.. १०८ तास! साडेचार दिवस मशीन अखंड चालायला हवं, आणि एखादा दिवा चुकीच्या जागी लागलाय असं नंतर लक्षात आलं की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून दुसरं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं. २०१९ साली घेतलेलं आरटीएक्स २०६० होतंच, तसंच आणखी एक सेकंडहँड. जाणकार विचारतील, आता दोन कार्डं कोण लावतं? एनव्हिडियाने २००४ साली एसएलआय आणलं तेव्हा दोन कार्डं जोडून गेम खेळणं मोठं प्रतिष्ठेचं होतं, ते पुढे गेम बनवणाऱ्यांनीच सोडून दिलं. रेंडरिंगचं तसं नाही. तिथे कार्डं एकमेकांना जोडावीही लागत नाहीत, दोघं आपापल्या वाटणीचं काम करतात. (फक्त सहा आणि सहा मिळून बारा जीबी होत नाहीत. प्रत्येक कार्डाला अख्खा सीन आपल्या सहा जीबीत मावेल असाच लागतो. हे आम्हाला नंतर कळलं.)

लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आलं, चिरंजीवांनी ते बसवलं, विंडोजने ओळखलं. पेढे नाही पण बटाटेवडे झाले. रात्री रेंडर लावून झोपलो. सकाळी पाहतो तर अकरा चित्रं झालेली आणि मशीन मधेच रिस्टार्ट होऊन लॉगिनच्या स्क्रीनवर शांत बसलेलं.

इथून पुढे मी जे वागलो त्याबद्दल हा लेख आहे.

पहिला संशय अर्थातच नव्या कार्डावर. कालपर्यंत सगळं नीट होतं, हे आलं आणि बिघडलं. आपल्याकडे नव्या सुनेच्या पायगुणाबद्दल बोलतात ना, अगदी तेच. सासूबाईंचे गुडघे दहा वर्षं दुखतायत, पण लक्षात येतं ते सून आल्यावर. दुसरा संशय चिरंजीवांवर. "तूच काहीतरी ढिलं ठेवलं असणार" हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा बोललो, ते सौ.ने मोजून ठेवलंय. आकडा इथे देत नाही.

मग एका रविवारी मी बाह्या सरसावल्या. ड्रायव्हर पूर्ण पुसून नवा टाकला. बायोस अपडेट केलं. रॅम काढून, पुसून, जागा बदलून लावली. शेवटी विंडोजच नवीन टाकलं. सगळं एका दिवसात! संध्याकाळी रेंडर लावलं तर मशीन दोन तास चाललं आणि मग बंद पडलं. आता हे दोन तास कशामुळे मिळाले? ड्रायव्हर, बायोस, रॅम, की नुसतीच हवा गार होती म्हणून? सांगता येईना. पाच औषधं एकदम घेतल्यावर कुठलं लागू पडलं हे धन्वंतरीलाही कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हे मी आयुष्यभर नोकरीत ज्युनिअर पोरांना शिकवलं. घरी मात्र आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी.

विंडोजच्या नोंदींत 'कर्नेल-पॉवर ४१' असं सापडलं. नावात पॉवर आहे म्हणून हुरळून जाऊ नका. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. का पडलं, याबद्दल चकार शब्द नाही.

सोमवारी रजा टाकली. कार्ड पिशवीत घालून डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड, आणि दुकानदारावर आवाज चढवला. खराब माल गळ्यात मारला वगैरे. तो बिचारा काही बोलला नाही. त्याने कार्ड आपल्या टेबलावरच्या मशीनला लावलं, अर्धा तास टेस्ट चालवली. काही झालं नाही. मग म्हणाला, "साहेब, सप्लाय कुठला आहे?" मी म्हटलं, विषय बदलू नका.

खरं म्हणजे घरी एक धागा समोरच होता. चिरंजीवांनी आधीच सांगितलं होतं, "बाबा, एकेक कार्ड लावलं की दोन्ही व्यवस्थित चालतात. गेमही कितीही खेळा, बंद पडत नाही. दोन्ही एकदम कामाला लागली की जातं." गेम एकच कार्ड वापरतो, रेंडर दोन्ही. म्हणजे कार्डं चांगली, भांडण दोघांच्या एकत्र भुकेचं. मी ऐकलं नाही. कारण तो सांगत होता.

त्या रात्री कोणाशी न बोलता कॅबिनेट उघडलं आणि एसएमपीएसवरचं लेबल टॉर्च मारून वाचलं. ५०० वॅट असं मोठ्या अक्षरात. खालच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टच्या लाइनला ३२ अँपिअर, म्हणजे ३८४ वॅट. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टचे, ते कार्डाच्या उपयोगाचे नाहीत. दोन कार्डांचे १६० प्रमाणे ३२०, प्रोसेसरचे ६५. बेरीज ३८५! पंखे, डिस्क, बोर्ड अजून धरलेच नाहीत. त्यात कार्ड काही मिलीसेकंद आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं, ते वेगळंच. शिवाय दुसऱ्या कार्डाला लागणारी आठ पिनची वायर त्या सप्लायला नव्हतीच, कन्व्हर्टर लावून भागवलं होतं.

आणि हा एसएमपीएस आला कुठून? २०१३ च्या जुन्या मशीनमधून. २०१९ ला नवं मशीन बांधताना चिरंजीव नवा घेऊया म्हणत होते, "चालतोय ना? मग कशाला?" असं म्हणणारा मीच.

खात्री करायला एक पैसाही लागला नाही. दोन्ही कार्डांची पॉवर लिमिट सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांवर आणली, म्हणजे ६४ वॅटची भूक कमी. बाकी कशालाही हात लावला नाही. रेंडर रात्रभर चाललं. कोणाचं मशीन दुसरं कार्ड लावल्यावर असं जात असेल तर विंडोज उडवण्याआधी हे करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

मला वाटतं, नवं माणूस किंवा नवी वस्तू आली की बिघाड तिच्या नावावर मांडणं फार सोयीचं असतं, कारण मग जुन्याची झाकली मूठ उघडावी लागत नाही. तो एसएमपीएस आधीपासूनच कसाबसा भागवत होता. नव्या कार्डाने त्याला बिघडवलं नाही, फक्त उघडं पाडलं. आणि मी चोर सोडून दोन संन्याशांना फाशी द्यायला निघालो होतो, एक लॅमिंग्टन रोडवर आणि एक घरात.

सकाळी चहा पिताना चिरंजीवांना म्हटलं, "तू म्हणत होतास ते बरोबर होतं. चूक माझी होती." तो मोबाईलमधून वर न बघता "हं" म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "८० टक्क्यांवर फारसा फरक पडत नाहीये बाबा, आत्ता राहू दे." पण मी शनिवारी गेलोच. त्याच दुकानात. ७५० वॅटचा घेतला आणि त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्याने "होतं साहेब" म्हणत बिल फाडलं.

फिल्म वेळेत गेली. जुना एसएमपीएस मी माळ्यावर ठेवलाय. सौ. विचारत होती, आता हा कशाला? मी म्हटलं, चालतोय ना अजून.