कोन नको, ट्रेल सांगा

परवा पुण्यातल्या एका गॅरेजात उभी असलेली गाडी बघितली आणि डोकं तापलं. वेगात हँडल थरथरतं म्हणून तिचा कोनसेट, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचे बेअरिंग, बदललेला, चाकही बॅलन्स केलेलं. फोर्कच्या नळ्या मात्र त्यांना धरणाऱ्या वरच्या टीमधून पंचवीसेक मिलिमीटर वर काढलेल्या. का, तर गाडी पटकन वळावी म्हणून. मी बोट दाखवलं, तर उत्तर मिळालं, "एखाद अंशाचा फरक, साहेब. एवढ्यानं काय होतंय?"

अंशांचं हे वेड कधी सुटणार? गाडीचा स्वभाव सांगतो तो ट्रेल, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर.

यामाहाची आर१ आणि हार्लेची रोड किंग शेजारी ठेवा. स्टिअरिंग हेडचा कोन आर१चा २४ अंश, रोड किंगचा २६. म्हणजे दोनच अंशांचं अंतर. आता ट्रेल बघा: आर१चा १०२ मिलिमीटर, रोड किंगचा १७०च्या आसपास! ही किमया ऑफसेटची. आर१चा फोर्क स्टिअरिंगच्या दांड्याच्या पुढे आहे; चाक पुढे जातं, ट्रेल घटतो. रोड किंगच्या नळ्या दांड्याच्या मागे बसवल्यात. त्यामुळे दांड्याची रेषा वाढवली तर ती जमिनीला जिथे टेकते, तिथून टायर बराच मागे टेकतो. हायवेवर हँडल सरळ धरून ठेवतं ते हेच अंतर. मोटरसायकलच्या चॅसिसचे अभ्यासक टोनी फोल यांनी तर एका बीएमडब्ल्यूचा कोन थेट शून्यावर आणला, ट्रेल सांभाळला आणि गाडी चालवून दाखवली.

गॅरेजातल्या 'एखाद अंशा'चा हिशेब असा: व्हीलबेस १३५० मिलिमीटर धरला, तर नळ्या वर काढल्यानं पुढची बाजू २४ मिलिमीटर खाली आल्यावर कोन सुमारे १ अंशानं उभा होतो आणि ट्रेल साधारण ६ मिलिमीटरनं घटतो. शंभरातले सहा गेले. वर मागे मापापेक्षा मोठा टायर चढवलेला, म्हणजे शेपूट उचललेलं, ट्रेल आणखी कमी. माझ्या मते थरथरीचं मूळ या घटलेल्या ट्रेलमध्येच आहे.

आपल्याकडच्या कितीतरी माहितीपत्रकांत टाकीचे लिटर असतात, ट्रेल नसतो. कंपन्यांनी कोन, ऑफसेट आणि ट्रेल तिन्ही छापावेत. आणि गॅरेजवाल्यांनी कोनसेटला हात लावण्याआधी नळी टीच्या वर किती आलीय ते मोजून आधी ती कंपनीच्या मापावर आणावी.