विश्लेषण : सातपुड्याच्या माथ्यावरचे तलाव वऱ्हाडासाठी का महत्त्वाचे?

उंचावरील पाणथळ जागा म्हटले, की लडाखमधील त्सो मोरिरी किंवा त्सो कार आठवते. वऱ्हाडातही अशा जागा आहेत, मात्र त्यांची चर्चा पर्यटनापलीकडे फारशी जात नाही. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा-गाविलगड आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा येथील तलावांवर बदलते हवामान आणि माणसांचा वावर असा दुहेरी ताण आहे. कायद्याच्या मोजपट्टीत ते जेमतेमच बसतात.

हे तलाव नेमके कुठे आहेत?

चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, तर अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ला साडेनऊशे मीटरच्या पुढे. गाविलगड आणि नरनाळा हे मध्ययुगीन डोंगरी किल्ले आहेत. सैन्याला वर्षभर पाणी पुरावे म्हणून त्यांवर तलाव आणि टाकी बांधली गेली. गाविलगडावर देवी तलाव, मच्छी तलाव आहेत. नरनाळ्यावर डझनभराहून अधिक तलाव असून त्यातील मोजक्याच तलावांत बारमाही पाणी असते. हे तलाव माणसाने बांधले असले, तरी काही शतकांत त्यांच्याभोवती पाणवनस्पती, बेडूक, मासे, पक्षी यांचे जग उभे राहिले. मेळघाटातील वन्यप्राण्यांसाठीही ते पाणवठे आहेत.

खालच्या गावांशी त्यांचा संबंध काय?

सातपुड्याचा हा भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते. चिखलदऱ्यात वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे अकोल्याच्या जवळपास दुप्पट. तरीही उन्हाळ्यात तालुक्यातील काही गावांना टँकर लागतो. पडलेले पाणी उतारावरून निघून जाते, हे त्याचे कारण. माथ्यावरचे तलाव, झरे आणि ओलसर माळ त्यातले थोडे पाणी अडवतात आणि हळूहळू जमिनीत सोडतात.

चंद्रभागा, शहानूर, वान या नद्या याच डोंगरांतून उतरून पूर्णेच्या खोऱ्यात येतात. पूर्णाकाठी खारपाणपट्टा आहे. तेथे विहिरीला पाणी लागले तरी ते पिण्याजोगे नसते. म्हणून अकोट, तेल्हारा भागाला वान धरणाचा आणि अंजनगाव-दर्यापूर भागाला शहानूर धरणाचा आधार घ्यावा लागतो. किल्ल्यावरचा एखादा तलाव आटला म्हणून धरण रिकामे होत नाही. मात्र माथ्याची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी झाली, की पावसाळ्यानंतर ओढे लवकर आटतात आणि पावसाळ्यात गाळ जास्त येतो.

हवामान बदलाने काय होते?

हवेचे तापमान एका अंशाने वाढले, की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस कमी दिवसांत आणि जोरात पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. असा पाऊस तलाव भरतो, पण सोबत मातीही आणतो.

मग पावसात मोठा खंड पडतो आणि उन्हाळा तापतो. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर अकोल्यात उष्णतेमुळे कलम १४४ लागू करावे लागले होते. माथ्यावर काही अंश गारवा असतो, पण लहान आणि उथळ तलावाचे पाणी वाफ होऊन झपाट्याने उडते. गाळाने तलाव जितका उथळ होतो, तितके हे नुकसान वाढते.

माणसांचा हात किती?

पावसाळ्यातील शनिवार-रविवारी चिखलदऱ्यात वाहनांच्या रांगा लागतात. हॉटेले, रस्ते, वाहनतळ यांमुळे पाणी मुरण्याची जागा घटते. सांडपाणी आणि प्लास्टिक उताराने तलावांकडे जाते. सिडकोने येथे काचेचा स्कायवॉक हाती घेतला. त्यामुळे गर्दी वाढणार, हे गृहीत धरूनच नियोजन व्हायला हवे.

कायदा काय सांगतो?

केंद्राच्या २०१० च्या पाणथळ नियमांत उंचावरील जागेची अट २५०० मीटर उंची आणि पाच हेक्टर क्षेत्र अशी होती. सातपुडा त्यात बसणे शक्यच नव्हते. २०१७ च्या नियमांत ही अट नाही, मात्र खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव त्यातून वगळले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिलेली २,०१,५०३ पाणथळांची यादीही सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या जागांची आहे. नरनाळा अभयारण्यात असल्याने तेथे वन्यजीव कायदा लागू होतो. चिखलदरा गावालगतच्या पाण्याला मात्र असे भक्कम कवच नाही.

काय करता येईल?

पहिले काम मोजणीचे. प्रत्येक तलावाची खोली, गाळ आणि पाणी टिकण्याचा काळ दरवर्षी नोंदवला, तरच बदल कळेल. दुसरे, गाळ काढताना घाई नको. किल्ल्यांवर पुरातत्त्व विभाग आणि व्याघ्र प्रकल्प या दोघांच्या संमतीने, यंत्रांऐवजी हाताने काम केल्यास स्थानिक कोरकू, गवळी कुटुंबांना मजुरीही मिळेल. तिसरे, गर्दीला मर्यादा. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात नोंदणी, शुल्क आणि दैनंदिन पर्यटकसंख्येवर बंधन आहे. चिखलदऱ्यातही निदान पावसाळी सुट्ट्यांत तसे करता येईल.

पूर्वजांनी वेढ्याच्या भीतीने माथ्यावर पाणी अडवले. आज वेढा उन्हाचा आहे आणि ते पाणी सांभाळण्याची गरज तेव्हापेक्षा कमी झालेली नाही.