‘कोबाल्ट ब्लू’ला सवलतीचे गुण नकोत

‘कोबाल्ट ब्लू’ने निराशा केली असं म्हटलं की समोरून पहिलं उत्तर येतं, ‘अहो, निदान कुणी केला तरी!’ दुसरं येतं, ‘पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा.’ आणि ही दोन्ही संपली की तिसरं, जरा सुस्कारा टाकून, ‘पण दिसतो किती सुंदर!’ चित्रपट नेटफ्लिक्सवर आला एप्रिल २०२२मध्ये. त्याआधी डिसेंबर २०२१ची तारीख जाहीर होऊन पुढे गेली होती. सचिन कुंडलकरांची कादंबरी २००६ची, म्हणजे तिच्या मराठी वाचकाने या चित्रपटाची सोळा वर्षं वाट पाहिली असं म्हणायला हरकत नाही. इतकी वाट पाहिल्यावर वरच्या तीन उत्तरांवर समाधान मानून घरी जावं, असं मला वाटत नाही.

‘निदान केला तरी’ या उत्तरात दया आहे, आणि ती कुणाच्याच कामाची नाही. १९९८च्या डिसेंबरात मुंबईत दीपा मेहतांच्या ‘फायर’वर शिवसैनिक चालून गेले, थिएटरांची मोडतोड झाली. त्या वेळी तो सिनेमा कसा आहे हा प्रश्न मागे ठेवून आधी त्याच्या बाजूने उभं राहणं भाग होतं. २०२२मध्ये काचा फुटत नव्हत्या. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७व्या कलमाबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ला लागून गेला होता, सिनेमा थेट दिवाणखान्यातल्या टीव्हीवर येत होता. उलट ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी आली तेव्हा ते कलम पूर्ण जागं होतं. त्याच्याही पाव शतक आधी, १९८१मध्ये, तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे समलिंगी प्रेमावरचं नाटक रंगभूमीवर आलं होतं. यांतल्या कुणी वाचक-प्रेक्षकांकडे सांभाळून घेण्याची याचना केली नव्हती. मग ज्याला कायद्याचं अभय आहे, पैसा आहे, जगभरचा प्रेक्षक आहे, त्या चित्रपटालाच आपण वरचे पाच-दहा गुण का द्यायचे? समलिंगी प्रेमाची गोष्ट म्हणून माप सैल करणं म्हणजे त्या प्रेमाला दुय्यम मानणंच झालं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. माध्यमांतरात बदल होणारच, आणि ‘कोबाल्ट ब्लू’च्या बाबतीत तर बदल करणारा स्वतः कादंबरीकारच आहे. तेव्हा ‘पुस्तकाशी इमान राखलं नाही’ ही तक्रार मी करत नाही. प्रश्न एवढाच की जे काढलं त्याच्या जागी काय आलं.

कादंबरीची बांधणी आठवून पाहा. पुण्यातलं जोश्यांचं घर, वरच्या खोलीत पेइंग गेस्ट. त्याला आडनाव नाही, गोतावळा नाही. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो, आणि एक दिवस तो तनयच्या बहिणीला, अनुजाला घेऊन निघून जातो. काही महिन्यांनी अनुजा एकटीच परत येते. पुस्तकाचा पहिला अर्धा भाग तनयचा: ‘तू’ असं संबोधून, निघून गेलेल्या माणसाशी चाललेलं बोलणं. दुसरा अर्धा अनुजाचा, डायरीच्या अंगाने लिहिलेला. तो माणूस आपल्याला थेट कधीच भेटत नाही. दोन भावंडांच्या आठवणींतून भेटतो, आणि त्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत.

पण खरी चमक याहून पुढची आहे. अनुजा परत आल्यावर सगळं घर तिच्याभोवती गोळा होतं. रागावतं, रडतं, उपाय शोधतं. मुलगी पळून गेली आणि परत आली, हे दुःख मध्यमवर्गीय घराच्या ओळखीचं आहे. त्याची लाज कशी बाळगायची, ते झाकायचं कसं, सगळं ठाऊक आहे. त्याच घरात, त्याच माणसाने सोडलेला दुसराही एक जीव बसला आहे आणि त्याच्या दुःखाला घरात नावच नाही. त्याला कुणी रागावतही नाही. कुटुंबात समलिंगी असणं म्हणजे नक्की काय, हे मराठीत इतक्या थोडक्यात मांडणारी दुसरी रचना मला माहीत नाही. मारहाण नाही, हाकलून देणं नाही. फक्त आपलं कुणी गेलं तरी सुतक बहिणीच्या नावावर.

चित्रपट ही रचना मोडतो आणि घटना क्रमाने दाखवतो. पाहुणा येतो, प्रेम होतं, पाहुणा जातो. तो आता प्रतीक बब्बरच्या रूपात आपल्यासमोर हिंडतो-फिरतो, चित्रं काढतो, कोड्यात बोलतो. कादंबरीत दोघांच्या ओढीतून घडलेला माणूस इथे प्रत्यक्ष उभा राहिला आणि कसोटीला लागला. त्याच्यात एवढं काय आहे, असा प्रश्न प्रेक्षकाला पडू लागतो. पुस्तकात हा प्रश्न पडायला जागाच नव्हती. आणि अनुजा? तिच्या वाट्याचा निम्मा आवाज गेला. हॉकी खेळणारी, आखूड केसांची, मनस्वी मुलगी म्हणून अंजली शिवरामन नजरेत भरते, पण ती तनयच्या गोष्टीतलं पात्र होऊन राहते. दोन जखमा समोरासमोर ठेवल्या होत्या म्हणून त्यांच्यातला भेद दिसत होता. एकीलाच प्रकाशात आणल्यावर उरते ती पहिल्या प्रेमभंगाची गोष्ट, आणि तशा गोष्टी जगाच्या सिनेमात ढिगाने आहेत.

आता सौंदर्य. गोष्ट पुण्यातून फोर्ट कोचीत गेली, काळ ठरला १९९६. बाजू घेणारे म्हणतात, त्यामुळे कथेला मोकळी हवा मिळाली. हवा मिळाली हे खरं. पाऊस आहे, शेवाळलेल्या भिंती आहेत, जुनी घरं आहेत, आणि निळा रंग तर इतका आहे की शीर्षक विसरण्याची सोय नाही. पण पुण्यात तनयला जो धाक होता तो गल्लीतल्या प्रत्येकाला आपले बाबा माहीत असण्याचा. कोचीत घरात हिंदी बोलणारं हे कुटुंब मुळातच परकं. तनयचं एकटेपण आता दोन कारणांत वाटलं जातं: तो इथला नाही आणि तो गे आहे. दोन्ही कारणं एकमेकांना पातळ करतात. (कोची हवीच होती तर मट्टनचेरीत पोर्तुगीज काळात गोव्याहून आलेल्या कोकणी भाषकांची जुनी वस्ती आहे. तिथलं घर घेतलं असतं तर शेजार, देऊळ, भाऊबंदकी सगळं आपोआप आलं असतं. पण ते पोस्टकार्डावर मावत नाही.)

चित्रपटात चांगलं काही नाही असं मात्र नाही. नीलय मेहेंदळेचा तनय हळवा असूनही लाडिक होत नाही. नील भूपालमने केलेला साहित्याचा प्राध्यापक थोड्याच वेळात जे सांगून जातो, ते मुख्य जोडीला जमत नाही: मध्यमवयात पोचलेला, वाट बघून थकलेला, स्वतःचं हसं होऊ नये म्हणून जपणारा माणूस. गीतांजली कुलकर्णी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली तरी ते घर खरं वाटतं. याच घरात कॅमेरा आणखी थांबायला हवा होता. आणि शरीराची जवळीक फार दाखवली म्हणून नाकं मुरडणाऱ्यांच्या रांगेत मला कुणी उभं करू नये. ते प्रसंग या चित्रपटातले त्यातल्या त्यात प्रामाणिक आहेत.

‘सिनेमात असली आतली घुसमट दाखवताच येत नाही’ हा बचावही टिकत नाही, कारण तो खोडायला खुद्द कुंडलकरांचाच ‘गंध’ पुरे आहे. २००९च्या त्या चित्रपटातली तिसरी गोष्ट आठवा. कोकणातलं घर, पाऊस, आणि पाळीमुळे बाजूला बसलेली नीना कुलकर्णी. घरात चाललेलं सगळं तिला फक्त वासांतून आणि आवाजांतून कळतं. घरात असून घराबाहेर असणं म्हणजे काय, हे या दिग्दर्शकाला ‘कोबाल्ट ब्लू’च्या कितीतरी आधी पडद्यावर मांडता आलं होतं. तनयची अवस्था याहून वेगळी कुठे होती?

आणि आता तर समोर ‘साबर बोंडं’ आहे. रोहन परशुराम कानवडेंचा हा मराठी चित्रपट २०२५मध्ये सनडान्सला गेला आणि जागतिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. वडील गेल्यावर मुंबईहून गावी आलेला आनंद, दहा दिवसांचं सुतक, त्याचे नियम, लग्नाचं विचारून हैराण करणारे नातेवाईक, आणि लहानपणचा मित्र बाळ्या. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा बहुधा एका जागी बसून असतो, बैठकीतल्या माणसासारखा. प्रेम दाखवायला काटे काढून हातात ठेवलेलं एक फळ पुरतं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते आईचं माहीत असणं. तिला मुलाबद्दल ठाऊक आहे, ती त्याच्या बाजूची आहे आणि तरीही भावकीसमोर तिला रोज नव्याने काहीतरी निभावून न्यावं लागतं. घराला खलनायक न करता घराचा दाब दाखवता येतो, याचा आणखी काय पुरावा हवा?

म्हणून ‘कोबाल्ट ब्लू’वर शेवटची रेघ ओढली असं मी मानत नाही. कादंबरी शाबूत आहे आणि तिच्यावर पुन्हा चित्रपट करायला कुणाची बंदी नाही. तो मराठीत करावा, पुण्यात करावा. अनुजा परत येते तिथून सुरू करावा आणि निम्मा वेळ तिला द्यावा. पेइंग गेस्टच्या भूमिकेसाठी नट शोधूच नये.